कामाचे हात आणि कोरडी थंडी

खोबरेलाची बाटली थिजली की आमच्या घरात आत्यांच्या नडग्या खाजायला लागतात. खोबरेल साधारण २४ अंशांच्या खाली गोठायला लागतं, आणि सोलापुरात दिवाळी सरता सरता पहाटेचा गारवा त्याच्या बराच खाली उतरतो. दुपारी मात्र ऊन चांगलं चटचटतं, अंगावर स्वेटर ठेववत नाही. म्हणून बाहेरगावचे पाहुणे म्हणतात, सोलापूरला कुठली आलीय थंडी. थंडी आहे, आणि ती कोरडी आहे. ओठ उलतात, टाचा फुटतात, अंगावर नखाने रेघ ओढली तर पांढरी उमटते.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांचं सगळं आयुष्य विड्या वळण्यात गेलं. आता साठीच्या पुढे आहेत, साखर आहे, तरी सकाळी सूप मांडीवर घेतल्याशिवाय त्यांना करमत नाही. मी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात जाते. कडा शिवायच्या, धागे तोडायचे, घड्या घालायच्या, पॅकिंग करायचं. म्हणजे दोघींचं पोट बोटांवर, आणि थंडीचा पहिला तडाखाही बोटांनाच. हे सांगायचं कारण असं की कोरड्या कातडीवर जो तो क्रीमचं नाव सांगतो. पण क्रीम लावायचं केव्हा? ज्या हाताला दिवसभर तेलाचं बोट चालत नाही, त्या हाताने काय करायचं? हे कुणी सांगत नाही. आम्हाला ते एकेक करत जुळवावं लागलं.

आधी आत्यांच्या कामाचं सांगते, म्हणजे अडचण कळेल. तेंदूची पानं भिजवून मऊ करायची, कात्रीने मापात कापायची, तंबाखू भरून वळायची, दोऱ्याने बांधायची. पान ओलं, तंबाखू कोरडी. बोटं दिवसभर ओली होतात, वाळतात, पुन्हा ओली होतात. हेच ओलं-कोरडं कातडीला सगळ्यात वाईट, नुसत्या कोरडेपणाहूनही वाईट, असं पुढे डॉक्टरांनी सांगितलं. आणि तेलकट हात पानाला लागला तर डाग पडतो, विडी नापास होते. तिकडे माझ्याकडे पांढरा टॉवेल. त्यावर व्हॅसलीनचा ठसा उमटला तर तो नग गेला. बरं, हात तसेच कोरडे ठेवावेत तर बोटाची सुटलेली साल टॉवेलच्या लुपात अडकते आणि लूप ओढला जातो. शिवाय सुती कापड दिवसभर हाताखालून जात असतं, ते हातावरचा उरलासुरला ओलावा आणि तेलकटपणा टिपून घेतं. घरी येईपर्यंत तळवे खरखरीत होतात.

गेल्या वर्षी मार्गशीर्षात आत्यांच्या नडग्यांची कातडी आधी पांढरट झाली. मग बारीक साली सुटायला लागल्या. आणि पुढे रेगडीच्या काळ्या मातीला उन्हाळ्यात पडतात तशा उभ्या-आडव्या चिरा पडल्या, चिरांच्या मधे लालसर. दिवसा कामात त्यांचं लक्ष नसायचं, पण रात्री अंथरुणात शिरून ऊब लागली की खाज सुरू. झोपेत त्या दोन्ही पायांनी एकमेकांना घासत राहायच्या. सकाळी चादरीवर रक्ताचे टिपके दिसायचे. मला भीती वाटली ती साखरेमुळे. साखरवाल्या माणसाच्या पायाची जखम चिघळली की काय होतं, हे आमच्या गल्लीत आम्ही पाहिलेलं आहे.

शेजारच्या अक्कांनी मेडिकलमधून एक ट्यूब आणून दिली. त्यांच्या घरात कुणालाही कुठेही खाज आली की तीच. अक्कांचा जीव चांगला, त्यांना नको कसं म्हणायचं? ट्यूब घेतली, पण लावली नाही, पिशवीत टाकून सिव्हिलला नेली. डॉक्टर मॅडमनी ती वाचून पाहिली आणि बाजूला ठेवली. एकाच ट्यूबमध्ये कडक स्टिरॉइड, गजकर्णाचं औषध आणि जंतूंचं औषध असं सगळं होतं. अशा ट्यूबने खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून लोकांचा विश्वास बसतो. पुढे कातडी पातळ होते, गजकर्ण असलं तर दबतं आणि नंतर जास्त पसरतं, आणि तोंडाला लावली तर चेहरा लाल होऊन बसतो. २०१८ मध्ये सरकारने स्टिरॉइड असलेली बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तरी ती हातात पडतातच. हे मी घरी येऊन अक्कांना शांतपणे सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि त्यांच्याकडच्या उरलेल्या दोन ट्यूबही मला दाखवायला आणल्या.

सिव्हिलच्या कातडीच्या विभागात गर्दी असते, केसपेपर काढून बाकावर बसून राहायची तयारी ठेवावी लागते. त्यात विशेष सांगण्यासारखं काही नाही. पण आत गेल्यावर मॅडमनी आत्यांना ज्या बारकाईने तपासलं, ते सांगण्यासारखं आहे. त्यांनी पायाआधी हात पाहिले, बोटांच्या बेचक्या उघडून, मनगटं फिरवून. घरात आणखी कुणाला रात्री खाज येते का, विचारलं. थंडीत लोक दाटीवाटीने, एकाच पांघरुणात झोपतात, त्यामुळे खरूज पसरते, आणि पुष्कळांना ती कोरड्या कातडीची खाज वाटते. खरूज असेल तर घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी औषध लावावं लागतं, नाहीतर ती घरातच फिरत राहते. आत्यांना तसं नव्हतं. मग रक्त तपासायला लिहून दिलं. तीन महिन्यांची साखर, थायरॉइड आणि किडनी. म्हाताऱ्या माणसाचं अंग फार कोरडं पडलं आणि सगळीकडे खाज सुटली, तर प्रत्येक वेळी हवेलाच दोष देऊन चालत नाही, आत काही बिघडलंय का ते बघावं लागतं, असं त्या म्हणाल्या. शेवटी एक नायलॉनचा बारीक तंतू घेऊन आत्यांच्या तळपायाला ठिकठिकाणी टेकवला. डोळे मिटायला सांगितले आणि जाणवलं की सांगा म्हणाल्या. उजव्या टाचेच्या आसपास आत्या गप्पच राहिल्या. म्हणजे तिथली संवेदना कमी झाली होती. आम्हा कुणाला हे माहीतच नव्हतं, आत्यांनासुद्धा नाही.

मी विचारलं, चैत्र-वैशाखात सोलापूरची हवा याहून कोरडी असते, वारा तर भाजतो. मग तेव्हा नडग्या अशा का चिरत नाहीत? मॅडमना प्रश्न आवडला असावा, कारण त्या खुर्ची मागे घेऊन नीट सांगायला लागल्या. कातडीचा सगळ्यात वरचा थर मिलिमीटरच्या साधारण पन्नासाव्या भागाइतका. त्यातल्या पेशी मेलेल्या असतात, पण त्यांच्यामध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात आणि त्यामुळे आतलं पाणी आत राहतं. उन्हाळ्यात घाम येतो, तेलाच्या ग्रंथी जास्त पाझरतात, वरचा थर ओलसर राहतो. थंडीत दोन्ही आखडतं. वय वाढलं की ते स्निग्ध पदार्थही कमी तयार होतात. त्यात नडगीवर तेलाच्या ग्रंथी मुळातच थोड्या, आणि तळहात-तळपायावर तर एकही नाही. मला हे ऐकून फार हलकं वाटलं. आमची बोटं आणि आत्यांच्या टाचा वर्षानुवर्षं का उलतात, त्याचं कारण असं समोर आलं. वरून आपण कढत पाण्याने आणि साबणाने आहे ते तेलही धुऊन काढतो. कातडी मुळात किंचित आम्लधर्मी, पीएच साडेचार ते साडेपाचच्या आसपास. अंगाचा साधा साबण नऊ-दहाचा.

तेव्हा पहिला बदल न्हाणीघरात करावा लागला, आणि तोच सगळ्यात अवघड गेला. आत्यांची आंघोळ म्हणजे बंबातलं वाफाळतं पाणी आणि वज्रीने घसाघसा घासलेलं अंग. “अंग लाल झाल्याशिवाय आंघोळ झाल्यासारखं वाटतच नाही की,” असं त्यांचं म्हणणं. तंबाखूची धूळ अंगावर बसते, तिचा वास जात नाही, म्हणून ही सवय लागलेली. ती सवय एका दिवसात सोडा म्हणणं मला बरं वाटलं नाही. आम्ही असं ठरवलं की काम संपल्यावर हात, मनगटं आणि कोपरापर्यंतचा भाग वेगळा धुवायचा. मग आंघोळीत तंबाखू काढायचं काम उरत नाही. पाणी कोमट, अंगावर वाफ न दिसणारं. ते मी माझ्या कोपराने बघते, कारण आत्यांच्या पायाला पाणी किती कढत आहे हे आता नीट कळत नाही. आंघोळ दहा मिनिटांच्या आत. साबण फक्त काखा, जांघा आणि पाय एवढ्याला. हाता-पायाच्या नळ्यांना, पाठीला नुसतं पाणी. साबणाऐवजी मॅडमनी जी वडी लिहून दिली ती नेहमीच्या साबणापेक्षा महाग होती. पण इतक्या थोड्या जागी लागते की ती बरेच दिवस पुरली.

पाण्याचंही बघावं लागलं. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, मधल्या दिवसांत आमच्या वाड्यात बोअरचं पाणी वापरतात. बोअरचं पाणी जड. साबणाला फेस येत नाही, आणि साबण आणि पाण्यातला क्षार मिळून जो चिकट पांढरा साका होतो, तो अंगावरच राहतो. अंग वाळलं की तोच चरचरतो. म्हणून नळाचं पाणी आलं की आत्यांच्या आंघोळीचं एक बॅरल वेगळं भरून झाकून ठेवतो. वापरायला-धुवायला बोअरचं. टॉवेलच्या बाबतीत मात्र मला कुणी सांगायची गरज नव्हती. जड पाण्यात धुतलेला टॉवेल वाळून कडक होतो, लूप बसतात, आणि त्यात धुण्याच्या पावडरचा अंश राहतो. आत्यांचा टॉवेल मी पावडर कमी घालून, एकदा जास्तीच्या पाण्यातून काढते आणि वाळायच्या आधी जोरात झटकते, म्हणजे लूप उभे राहतात. त्याने पाय घासायचे नाहीत, दाबून टिपायचे, आणि थोडे ओलसर असतानाच सोडायचे.

सगळ्यात महत्त्वाची वेळ इथून पुढची. आंघोळ झाल्यापासून दोन-तीन मिनिटं. कातडीत मुरलेलं पाणी तेवढ्यात उडून जातं, आणि जाताना आतलंही थोडं घेऊन जातं, म्हणून आंघोळीनंतर काही न लावता बसलं की अंग आधीपेक्षा जास्त ताणतं. म्हणून मलमाचा डबा आम्ही न्हाणीच्या कोनाड्यातच ठेवला. लुगडं नेसून, देवाला दिवा लावून, मग निवांत लावू म्हटलं तर वेळ निघून गेलेली असते. डब्यात काय, तर पांढरं पॅराफिन आणि द्रव पॅराफिन यांचं साधं, बिनवासाचं मलम. वासाची, रंगीत, पानाफुलांची नावं असलेली क्रीमं चिरलेल्या कातडीला झोंबतात. आणि लावायचं सढळ हाताने. आत्या आधी बोटाच्या टोकावर इवलंसं घ्यायच्या, “कशाला गं एवढं, पैसे पडतात की.” मग मी हिशोब मांडून दाखवला. एवढा मोठा डबा त्या महागड्या छोट्या बाटल्यांपेक्षा स्वस्त पडतो. ते पटल्यावर त्यांचा हात मोकळा झाला. लावताना वरून खाली, केसांच्या दिशेने. उलटं चोळलं की केसांच्या मुळाशी पुळ्या येतात.

चिरलेल्या नडग्यांना सुरुवातीला एक स्टिरॉइडचं मलम होतं, ठरावीक दिवसांपुरतं. त्याचं माप मॅडमनी बोटावर दाखवलं. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ निघते तेवढं. ते बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. कमी लावलं तर गुण येत नाही, जास्त लावून उपयोग नाही. बंद कधी करायचं तेही लिहून दिलं होतं, आणि त्या दिवशी आम्ही बंद केलं. खाज पहिल्या आठवड्यातच उतरली. चिरा बुजायला जास्त वेळ लागला. कातडीचा थर नवा यायलाच साधारण चार आठवडे लागतात, म्हाताऱ्या माणसाला त्याहून जास्त. मधे आत्यांना बरं वाटायला लागलं आणि सकाळचं डब्यातलं साधं मलम सुटलं, तशी नडगी पुन्हा पांढरी पडायला लागली. मॅडमनी आधीच बजावलं होतं की हे साधं मलम आजारापुरतं नाही, थंडी असेतोवर रोजचं आहे. आत्यांनी पुन्हा डबा हातात घेतला.

तेलाचं विचारलंच पाहिजे, कारण घरोघर तेलच असतं. आमच्याकडे करडईचं तेल जेवणात जुनं आहे, घाण्यावरून आणायचं. करडईच्या तेलात लिनोलेइक आम्ल ७० टक्क्यांच्या वर असतं, आणि कातडीतल्या त्या स्निग्ध पदार्थांमध्येही हेच आम्ल लागतं. म्हणून धड कातडीला, ओल्या अंगावर, थोडं करडईचं किंवा खोबरेल तेल लावायला मॅडमची हरकत नव्हती. पण आंघोळीच्या आधी चोपडून मग साबणाने धुऊन टाकलं तर हाती काय राहिलं? आणि फरशीवर तेल सांडलं तर म्हातारं माणूस घसरून मांडीचं हाड मोडून घेईल, ते कोरड्या कातडीच्या शंभर पट वाईट. म्हणून आत्यांना तेल लावलं तर पाटावर बसूनच, खाली जुनं गोणपाट टाकून. दिवाळीच्या अभ्यंगाला तेल-उटणं लावलं, ते सणाचं म्हणून ठीक. रोज उटणं मात्र नको, ते तेल ओढून घेतं.

आता हात. मॅडम म्हणाल्या, थोडे दिवस विड्या बंद ठेवता आल्या तर बरं. आत्या बाहेर येऊन मला म्हणाल्या, “हात रिकामे ठेवून काय करू बसून? वेड लागंल मला.” त्यांना पैशापेक्षा त्या कामाचं जास्त आहे, हे मला माहीत आहे. घरच्या पडवीत चार बायका सूप घेऊन बसतात, बोलणं चालतं, दिवस जातो. तेव्हा आम्ही कामाभोवती औषध बसवलं. रात्री जेवण-भांडी झाल्यावर दोन्ही हातांना व्हॅसलीन जाडसर लावायचं आणि वर सुती हातमोजे. हातमोजे मी ह्यांच्या जुन्या बनियनचे शिवले, शिवण बाहेरच्या बाजूला ठेवून, म्हणजे बोटांना टोचत नाही. सकाळी नुसत्या कोमट पाण्याने हात धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून मग पान. रात्रभर मुरलेलं असतं, वरचा तेलकटपणा निघून जातो, पानाला डाग लागत नाही. अंगठ्याच्या टोकाशी खोल चीर असेल तर तिच्यावर मेडिकलमधली कागदी चिकटपट्टी गुंडाळायची. चीर दाबून धरली जाते, तंबाखू आत जात नाही, आणि बोट वळायला अडत नाही. या एका पट्टीने जेवढा आराम दिला तेवढा कुठल्या क्रीमने दिला नाही. पडवीतल्या बाकीच्या बायकांनीही ती आणली. काम संपलं की हात धुऊन लगेच मलम. पानं कापणं आणि वळणं एकाच बैठकीत ओढून नेण्याऐवजी मधे हात पूर्ण वाळू द्यायचे.

माझ्यासाठी वेगळं जुळवावं लागलं. कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत डबा धुतल्यावर पातळसर, न चिकटणारं ग्लिसरीनचं लोशन, तेही हात ओलसर असतानाच. ते पूर्ण जिरेपर्यंत टॉवेलला हात लावायचा नाही. मग सुट्टी संपते तेव्हा हात कोरडे पण मऊ असतात. ग्लिसरीन नुसतं, घट्ट, कोरड्या हाताला लावू नये, चिरांना झोंबतं. पाण्यात किंवा गुलाबपाण्यात अर्धं-अर्धं करावं. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, व्हॅसलीन वरून झाकतं, दोघांची कामं वेगळी. दिवसा पहिलं, रात्री दुसरं, असं माझं ठरलं.

स्वयंपाकघर राहिलंच. भाकरीचं पीठ कढत पाण्याने मळायचं आणि उललेली बोटं, हे ज्यांनी सोसलंय त्यांना सांगायला नको. आता पाणी ओतून आधी उलथण्याने पीठ कालवते, हाताला सोसेल एवढं झालं की मळते. भांड्यांना रबरी हातमोजे, आत पातळ सुती. नुसते रबरी घातले तर आत घाम कोंडून हात जास्त बिघडतात. शेंगाचटणी मात्र थंडीभर ह्यांनी कुटली. लसूण, तिखट, मीठ, शेंगदाणे उखळात घालून कुटायचं काम चिरलेल्या बोटांनी करणं म्हणजे शिक्षा, आणि आमच्या घरात चटणीशिवाय भाकरी कुणी खात नाही. ह्यांची चटणी थोडी जाडीभरडी झाली, पण संपली.

टाचांचं सगळ्यात जपून करावं लागलं. टाचेच्या जाड कातडीला युरियाचं मलम लागतं. नडग्यांना पाच-दहा टक्क्यांचं चालतं, टाचेला वीसच्या पुढचं, ते जाड थर सैल करतं. पण भेग रक्ताळलेली असेल तर युरिया भयंकर झोंबतो, म्हणून ती भेग आधी साध्या मलमाने भरू द्यायची. कोमट पाण्यात थोडा वेळ पाय ठेवून, टिपून, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवून, फक्त टाचेला मलम, वर सुती मोजे. बेचक्यांत मलम साचलं की तिथे बुरशी येते. ब्लेडने टाच तासायची नाही. आत्यांनी वर्षानुवर्षं न्हाव्याच्या ब्लेडने टाचा साफ केलेल्या, ते आम्ही कायमचं बंद केलं. ज्या पायाला लागलेलं कळत नाही, त्याला धार लावायची नाही. माझ्या मोठ्या जाऊबाई रत्नागिरीच्या, त्यांच्याकडून दर वर्षी कोकमाच्या तेलाचा गोळा येतो. तो वितळवून गरम गरम भेगेत सोडायची कोकणातली पद्धत. गोळा चांगला आहे, पण आत्यांच्या पायाला गरम धार नको. आम्ही तो तसाच घट्ट, तळहातावर घासून मऊ करून लावतो.

त्यात गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीची सिद्धरामेश्वराची जत्रा आली. भोगीला नंदीध्वजाच्या उंच काठ्या निघतात, अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वराच्या प्रतीकात्मक लग्नाचा अक्षता सोहळा. आत्यांची अक्षता चुकलेली मला आठवत नाही, आणि ती अनवाणीच. टाचेला भेग, साखर, पायाला कळत नाही, रस्त्यावर गर्दी आणि खडे. घरात यावर बराच वेळ बोलणं झालं. मी डॉक्टरांचं नाव पुढे केलं नाही. आत्यांना नायलॉनच्या तंतूची आठवण दिली, की उजव्या टाचेला काही टोचलं तर तुम्हाला कळणार नाही, मला तुमच्या तोंडाकडे बघून कळणार नाही. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “सिद्धरामेश्वराला पायाचं काय, मन बघतो तो.” त्या मोजे आणि बंद मऊ बूट घालून गेल्या, लांबून अक्षता टाकल्या, ‘हर्र बोला हर्र’ म्हटलं. घरी आल्यावर पाय धुऊन, खाली आरसा धरून आम्ही दोन्ही तळवे बघितले. आता हे रोज रात्री बघतो, पोरगी आरसा धरते.

पांघरुणाचाही एक फरक केला. आत्यांना गावाकडची घोंगडी लागते, ऊब छान असते, पण लोकर उघड्या नडगीला टोचते आणि खाज उठवते. म्हणून आत सुती चादर, वर घोंगडी. चादरीला सोलापुरात काही तोटा नाही. पाणी भरपूर प्या, तूप खा, असंही जो तो सांगतो. पाणी प्यावं, साखरेच्या माणसाने तूप बेताने खावं, पण टाचेची भेग त्याने भरत नाही, ती बाहेरूनच भरावी लागते.

नडग्या पौष संपताना स्वच्छ झाल्या. टाचांना शिवरात्रीपर्यंत वेळ लागला. यंदा आम्ही खोबरेल थिजायची वाट पाहिली नाही, कोजागरीपासूनच कोनाड्यात डबा ठेवला. आत्यांच्या नडग्या अजून तरी नुसत्या कोरड्या आहेत, चिरलेल्या नाहीत. उजव्या टाचेला मलम बाराही महिने चालू ठेवायला सांगितलंय, ते चालू आहे. पुढच्या तारखेला तीन महिन्यांच्या साखरेचा कागद घेऊन जायचं आहे, आणि अक्काही त्यांची मानेवरची खाज दाखवायला आमच्याबरोबर येणार आहेत.